इंग्रजीतील ‘बूअर’ म्हणजे कोण, आणि हा शब्द बोअर लोकांवरून आला आहे का?

आपण विचारले आहे की असभ्य माणसासाठी इंग्रजीत येणाऱ्या ‘बूअर’ या शब्दाचा नेमका अर्थ काय, तो दक्षिण आफ्रिकेतील बोअर लोकांच्या, म्हणजे तिथे वसलेल्या डच शेतकऱ्यांच्या वंशजांच्या, नावावरून पडला का, आणि मराठीत त्याचे भाषांतर ‘गावंढळ’ असे केले तर चालेल का. बोअर लोकांवरून तो आलेला नाही, एवढे आधीच सांगतो. मात्र दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, आणि ते मूळ कळल्यावर ‘गावंढळ’विषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तरही बऱ्याच अंशी मिळते.

आधी अर्थ पाहू. या शब्दाचे स्पेलिंग बी, ओ, ओ, आर असे आहे आणि तो नाम म्हणून वापरला जातो. त्याचे विशेषण ‘बूरिश’. कंटाळा आणणाऱ्या माणसाला किंवा गोष्टीला आपण मराठीतही सर्रास ‘बोअर’ म्हणतो, तो शब्द निराळा आहे, त्याचे स्पेलिंग निराळे आहे आणि तो बराच उशिरा, अठराव्या शतकात रूढ झाला. आजच्या ब्रिटिश उच्चारात हे दोन्ही शब्द पुष्कळदा सारखेच ऐकू येतात, त्यामुळे इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांचीही गल्लत होते. पंगतीत दुसऱ्याच्या ताटाकडे बोट दाखवून शेरा मारणारा, हॉटेलात वाढप्याशी तुसडेपणाने बोलणारा, सांत्वनाला जाऊन तिथेच वाटणीच्या जमिनीची चौकशी करणारा, चार माणसे बोलत असताना मध्येच आवाज चढवून आपलेच घोडे दामटणारा, हे सगळे इंग्रजीच्या अर्थाने ‘बूअर’ होत. ‘रूड’ हे विशेषण एखाद्या क्षणाच्या वागण्यालाही लावता येते. चांगला माणूसही एखाद्या दिवशी ‘रूड’ वागू शकतो. ‘बूअर’ मात्र माणसाच्या स्वभावालाच चिकटणारे नाव आहे. त्यात आणखी एक छटा आहे आणि ती मला महत्त्वाची वाटते. उद्धट माणसाला आपण समोरच्याचा अपमान करतो आहोत हे बहुधा ठाऊक असते, तर ‘बूअर’ला ते जाणवतही नाही. दुसऱ्याला काय वाटेल याची जाणीवच नसणे, हे या शब्दाचे मर्म आहे.

आता मूळ. जुन्या इंग्रजीत, म्हणजे सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत, ‘येबूर’ असा शब्द होता. त्याचा शब्दशः अर्थ ‘सोबत राहणारा, वस्ती करून असणारा’ असा होता आणि व्यवहारात तो शेतकऱ्याला लावला जाई. डच भाषेतील ‘बूर’ आणि जर्मन भाषेतील ‘बाउअर’ हे याच शब्दाचे सख्खे भाऊ असून त्या दोन्हींचा अर्थ आजही ‘शेतकरी’ असाच आहे. जर्मन बुद्धिबळात प्याद्यालाही ‘बाउअर’ म्हणतात. या सर्वांच्या मुळाशी ‘असणे, वाढणे, वस्ती करणे’ असा अर्थ सांगणारा जो आदिम धातू आहे, तोच संस्कृतात ‘भू’ या रूपाने दिसतो. संस्कृतातील ‘भ’ला जर्मानिक, म्हणजे इंग्रजी, डच, जर्मन यांच्या कुळातील, भाषांत ‘ब’ येतो हा नियम ‘भ्रातृ’ आणि ‘ब्रदर’ या जोडीवरून सहज पटेल. ‘भू’पासून संस्कृतात जसे ‘भवति’ झाले तसेच राहण्याची जागा या अर्थी ‘भवन’ही झाले, आणि तिकडे त्याच धातूपासून इंग्रजीचे ‘बी’ म्हणजे असणे व जर्मनचे ‘बाउएन’ म्हणजे बांधणे ही क्रियापदे निघाली. ‘भवति’चे प्राकृतात ‘होइ’ आणि मराठीत ‘होणे’ झाले. म्हणजे ज्या शब्दाचा अर्थ आपण विचारता आहात, त्याचे आपल्या रोजच्या ‘होणे’ या क्रियापदाशी फार दूरचे, पण भाषाशास्त्राने सिद्ध झालेले नाते आहे.

इंग्रजीत याच शब्दाचे दोन वंशज आहेत आणि त्यांच्या वाट्याला आलेली नशिबे अगदी वेगळी आहेत. ‘येबूर’च्या आधी ‘जवळचा’ या अर्थाचा शब्द जोडून जो समास झाला, तो आजचा ‘नेबर’, म्हणजे शेजारी. एकट्या राहिलेल्या ‘येबूर’च्या घराण्यात मात्र पुढे ‘बूअर’ आला, म्हणजे असभ्य माणूस. ‘हजबंड’ या शब्दाचा उत्तरार्धही याच धातूचा आहे. ‘घर करून राहणारा’ असा त्याचा मूळ अर्थ, आणि म्हणूनच इंग्रजीत शेतीला व पशुपालनाला आजही ‘हजबंड्री’ म्हणतात. घरधनी आणि शेजारी हे मानाचे शब्द राहिले, आणि जो नुसताच शेतकरी होता त्याचे नाव तेवढे शिवी झाले. असे का झाले, हा खरा प्रश्न आहे.

या ‘येबूर’चे जगणे कसे होते याची बऱ्यापैकी तपशीलवार माहिती आपल्याला उपलब्ध आहे. अकराव्या शतकाच्या आसपासचा, जमीनदारीतील प्रत्येक थराचे हक्क आणि देणी सांगणारा एक जुना इंग्रजी दस्तऐवज टिकून आहे. तो ‘रेक्टिट्यूडिनेस’ या लॅटिन नावाने ओळखला जातो. त्यानुसार ‘येबूर’ने धन्याच्या शेतावर आठवड्यातून दोन दिवस, आणि सुगीत तसेच फेब्रुवारीच्या आरंभापासून ईस्टरपर्यंत आठवड्यातून तीन दिवस राबायचे, सप्टेंबरअखेरच्या मायकलमास या सणाला दहा पेन्स द्यायचे, नोव्हेंबरातील मार्टिनमास या सणाला २३ मापे सातू आणि दोन कोंबड्या द्यायच्या, ईस्टरला एक कोकरू किंवा दोन पेन्स द्यायचे, शिवाय हिवाळाभर पाळीपाळीने धन्याच्या मेंढवाड्यावर रात्रीचा पहारा करायचा. जमिनीवर बसवताना त्याला दोन बैल, एक गाय, सहा मेंढ्या आणि पेरलेली सात एकर जमीन मिळे, पण तो मेला की मागे राहिलेले सारे धन्याकडे परत जाई. वेठ हा शब्द ज्यांना ठाऊक आहे त्या मराठी वाचकांना हे वेगळे समजावून सांगायला नको. एक गोष्ट मात्र नोंदवली पाहिजे, की या दस्तऐवजात ‘येबूर’च्या वागण्याबोलण्याविषयी, त्याच्या शिष्टाचाराविषयी एक अक्षरही नाही. हा शब्द त्याचे जमिनीशी आणि धन्याशी असलेले नाते सांगतो, बाकी काहीही सांगत नाही.

१०६६ साली उत्तर फ्रान्समधील नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि पुढची कैक शतके सत्ता, न्यायालय आणि दरबार यांची भाषा फ्रेंच राहिली. चांगल्या वागणुकीचे शब्द त्या दरबारातून आले. ‘कर्टसी’ म्हणजे सौजन्य, हा शब्द ‘कोर्ट’ म्हणजे दरबार यावरून आला; ‘जेंटल’चा मूळ अर्थ चांगल्या कुळात जन्मलेला; ‘नोबल’चा मूळ अर्थ नामांकित घराण्याचा. सौजन्य दरबारातच असते आणि मृदुता कुळातच असते असे एकदा भाषेने ठरवून टाकल्यावर, जो दरबारात नाही आणि ज्याला कुळ नाही त्याच्या वाट्याला उरलेले सारे दुर्गुण येणार हे उघड होते. ‘व्हिलन’ हा शब्द आपण हिंदी-मराठी चित्रपटांमुळे रोज वापरतो. तो लॅटिन ‘व्हिला’, म्हणजे शेतीवाडीवरचा वाडा, यावरून आला, आणि त्याचा पहिला अर्थ त्या वाड्याशी बांधलेला कूळ-शेतकरी एवढाच होता. १०८६ साली विल्यम राजाने करवून घेतलेल्या जमिनींच्या पाहणीत, ‘डूम्सडे बुक’मध्ये, असे हजारो ‘व्हिलानी’ नोंदलेले आहेत, आणि काही ठिकाणी आपले ‘बूर’, म्हणजे ‘येबूर’ही आहेत. ‘चर्ल’ हा शब्दही तसाच. जुन्या इंग्रजीतील ‘चेओर्ल’ हा गुलाम नव्हता, तो सर्वांत खालच्या पायरीवरचा स्वतंत्र माणूस होता, आणि वेसेक्स या तेव्हाच्या इंग्लंडमधील राज्याच्या कायद्यात त्याच्या खुनाची भरपाई २०० शिलिंग ठरलेली होती, तर सरदाराची १,२०० शिलिंग. हाच शब्द जर्मनीत ‘कार्ल’ या रूपाने माणसाचे नाव झाला. कार्ल नावाच्या महान फ्रँक सम्राटामुळे पोलिश, चेक अशा स्लाव्ह भाषांत त्यावरून चक्क ‘राजा’ या अर्थाचा शब्द तयार झाला. आणि इंग्लंडच्या गादीवर आज बसलेल्या राजाचे ‘चार्ल्स’ हे नावही त्याच शब्दाचे. पण सामान्य नाम म्हणून इंग्रजीत ‘चर्लिश’ म्हणजे आडमुठा आणि तुसडा. शब्द एकच, तरी राजाच्या अंगावर तो शोभतो आणि कुणब्याच्या अंगावर तो डाग ठरतो, हे मला अजूनही अस्वस्थ करते.

ही घसरण आपोआप झाली नाही, तिच्यामागे माणसे होती. १३८१ साली इंग्लंडमध्ये शेतकऱ्यांचा मोठा उठाव झाला. वेठबिगारीतून मुक्ती ही त्यांची प्रमुख मागणी होती, आणि चौदा वर्षांच्या दुसऱ्या रिचर्ड राजाने ती मान्य केल्याची पत्रेही लिहून दिली होती. उठाव मोडल्यावर एसेक्सचे शेतकरी त्या वचनाची आठवण देण्यासाठी आले, तेव्हा राजाने त्यांना तुम्ही खेडूत होतात आणि खेडूतच आहात, वेठीतच राहाल, अशा आशयाचे उत्तर दिल्याचे वॉल्सिंगम या समकालीन बखरकाराने नोंदवले आहे. ज्या काळात हे असे बोलले जात होते, त्याच काळात ‘व्हिलन’चा अर्थ कूळ-शेतकऱ्याकडून दुष्टाकडे सरकत होता. समाजातील दर्जा दाखवणारा शब्द हळूहळू स्वभावाचा गुण किंवा दोष दाखवू लागतो, या प्रक्रियेला ब्रिटिश विद्वान सी. एस. लुईस यांनी दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण असे नाव दिले. नाव नेमके आहे, पण ज्यांच्यावर हे नैतिकीकरण लादले गेले त्यांच्या हाती त्या काळात लेखणी नव्हती, हेही त्याच्या जोडीला सांगितले पाहिजे.

‘बूअर’ला आज आपण ज्या रूपात ओळखतो ते रूप घडण्यात डच आणि जर्मन प्रदेशांचा मोठा हात आहे. सोळाव्या शतकात इंग्लंडचा नेदरलँड्सशी व्यापार वाढला, १५८५पासून इंग्रज सैन्य स्पेनविरुद्ध डच लोकांच्या मदतीला जाऊन राहिले, आणि तिथल्या शेतकऱ्यांसाठी त्यांचाच ‘बूर’ हा शब्द इंग्रजांच्या तोंडी बसला. आपल्या देशातील स्वतःची जमीन असलेल्या शेतकऱ्याला इंग्रज ‘योमन’ म्हणत आणि त्या नावाचा त्यांना अभिमान होता. परक्या देशातील शेतकरी मात्र ‘बूअर’. याच शतकाच्या उत्तरार्धात ‘बूरिश’ म्हणजे रांगड्या, असभ्य रीतीचा, असा अर्थ रुळलेला दिसतो. पुढे १६५२ ते १६७४ या काळात इंग्रज आणि डच यांच्यात तीन युद्धे झाली आणि डच नावाशी जोडलेले कितीतरी हेटाळणीचे वाक्प्रयोग इंग्रजीत शिरले. अशा हवेत या शब्दाला मान परत मिळणे शक्यच नव्हते. चित्रकलेचाही यात वाटा असावा असे मला वाटते. सतराव्या शतकातील ब्राउवर, ओस्टाडे आणि धाकटे तेनियर्स या चित्रकारांनी गुत्त्यात पिणारे, पत्ते खेळणारे, हाणामारी करणारे शेतकरी फार जिवंत रंगवले. ही चित्रे इंग्लंडमधील श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत पोहोचली आणि तिथल्या याद्यांत त्यांना ‘मद्यपान करणारे बूअर’ अशा धर्तीची शीर्षके मिळाली. वर्षभर नांगर धरणारा माणूस चित्रात फक्त सुट्टीच्या संध्याकाळी दिसला, आणि पाहणाऱ्याने त्यालाच त्याचे सारे आयुष्य समजले.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या वतीने यान फान रीबेक आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला उतरला तो एप्रिल १६५२मध्ये, आणि कंपनीच्या नोकरीतून मोकळे झालेले पहिले शेतकरी तिथे १६५७मध्ये जमिनीवर बसले. त्यांनी आणि त्यांच्या वंशजांनी स्वतःला ‘बूर’ म्हणवून घेतले, कारण ते शेतकरी होते. त्यांच्या भाषेत त्या शब्दात कमीपणाचे काहीच नव्हते. म्हणजे इंग्रजीत असभ्य या अर्थाने हा शब्द रुळला तेव्हा दक्षिण आफ्रिकेत एकही बोअर नव्हता. असभ्य माणसाचे नाव बोअरांवरून पडले नाही आणि बोअरांचे नावही त्या शिवीवरून पडले नाही; एकाच शेतकरीवाचक शब्दाच्या दोन फांद्या वेगवेगळ्या भूमीत वाढल्या, एवढेच. मराठीत ‘बोअर युद्ध’ हे नाव रूढ झाले ते १८९९ ते १९०२च्या युद्धामुळे, ज्यात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतील नाताळ या ब्रिटिश वसाहतीतील भारतीयांचे रुग्णवाहिका पथक उभे केले होते. त्या युद्धात इंग्रजांनी बोअरांच्या शेतवाड्या जाळल्या आणि बायकामुलांना छावण्यांत कोंडले. त्या छावण्यांत सुमारे २८,००० बोअर मृत्यू पावले, त्यांत बहुसंख्य मुले होती, आणि कृष्णवर्णीयांसाठीच्या वेगळ्या छावण्यांत किमान १४,००० माणसे मेली. स्वतःला शेतकरी म्हणवणाऱ्या याच बोअरांनी तिथल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी बळकावल्या आणि त्यांना राबवून घेतले, हेही तितकेच खरे आहे, म्हणून त्यांना निव्वळ पीडित ठरवण्याचा माझा हेतू नाही. मराठी वाचकांना एक गोष्ट सांगाविशी वाटते: या युद्धात पकडलेले हजारो बोअर कैदी ब्रिटिशांनी हिंदुस्थानात आणले होते, आणि त्यांतील काहींना आपल्या अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवले होते. पुढे १९४२मध्ये पंडित नेहरू आणि काँग्रेसचे इतर पुढारी ज्या किल्ल्यात स्थानबद्ध झाले, तोच हा किल्ला.

शेवटी भाषांतर. ‘गावंढळ’ हा शब्द ‘बूअर’ला व्युत्पत्तीने इतका जवळचा आहे की मोह होणे स्वाभाविक आहे: तिकडे शेतकरी या शब्दाचा असभ्य झाला, इकडे गाव या शब्दाचा. ही खोड आपल्याकडे इंग्रजीतून आलेली नाही, ती फार जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ हा काव्यदोष मानला आणि ‘नागर’ म्हणजे शहरातला तो सुसंस्कृत ठरवला. ‘पामर’ या शब्दाची कथा तर ‘बूअर’च्या कथेशी जवळपास तंतोतंत जुळते. महाराष्ट्री प्राकृतातील गाथासप्तशतीत पामर म्हणजे गावातला शेतकरी. तो शेतात जातो, प्रेम करतो, बायकोच्या आठवणीने व्याकूळ होतो. आजच्या मराठीत मात्र पामर म्हणजे क्षुद्र, अज्ञ जीव, आणि ‘मी पामर काय बोलणार’ असे म्हणताना आपण एका शेतकऱ्याचे नाव घेत आहोत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. याच्या उलट दिशेने उभे राहणारेही आपल्याकडे होऊन गेले. देवाने आपल्याला कुणबी केले हे बरेच झाले, नाहीतर दंभानेच मेलो असतो, असे तुकोबांनी सतराव्या शतकात म्हणून ठेवले आहे, आणि ते नेमके अशा शब्दांच्या मुळावरच बोट ठेवते.

तरीही भाषांतरात मी ‘गावंढळ’ वापरणार नाही, आणि आपणही वापरू नये असे आग्रहाने सांगेन. एक कारण अर्थाचे आहे. आजच्या इंग्रजीत ‘बूअर’ ऐकताना कुणाच्याही मनात शेत किंवा खेडे येत नाही. महानगरात वाढलेला, उंची पोशाखातला, उच्चशिक्षित माणूसही बिनदिक्कत ‘बूअर’ ठरतो, किंबहुना हल्ली हा शब्द अशांनाच अधिक लावला जातो. मराठीत ‘गावंढळ’ म्हटले की गाव डोळ्यांसमोर येतेच, म्हणून ते भाषांतर मूळ वाक्यात नसलेला अर्थ आणते. दुसरे कारण असे की इंग्रजीतील तो अपमान आता विरून गेलेला आहे, आपल्याकडचा ताजा आहे. खेड्यातून शहरात शिकायला आलेल्या मुलामुलींना तो आजही ऐकावा लागतो. आमच्या गावांत उंबऱ्यात आलेल्याला आधी पाणी विचारतात, म्हणून दुसऱ्याची जाणीव नसणे या दोषाला गावाचे नाव देणे मला सरळसरळ खोटे वाटते.

संदर्भ पाहून ‘असभ्य’, ‘असंस्कृत’ किंवा ‘पाचपोच नसलेला’ यांपैकी एक निवडावा. ‘उर्मट’ आणि ‘उद्धट’ यांत जाणूनबुजून केलेल्या अपमानाची छटा असल्यामुळे ते थोडे बाजूला पडतात, तर ‘रांगडा’ आता मराठीत कौतुकानेच वापरला जातो, म्हणून तो टाळावा. माझी स्वतःची पसंती ‘पाचपोच नसलेला’ या प्रयोगाला आहे, कारण दुसऱ्याचे मन न कळणे हे जे ‘बूअर’चे मर्म वर सांगितले ते त्यात पुरेपूर उतरते. आपल्यासमोर ‘तो हुशार आहे, पण पक्का बूअर आहे’ अशा अर्थाचे वाक्य असेल, तर मी ते असे लिहीन: ‘तो हुशार आहे, पण त्याला अजिबात पाचपोच नाही.’